सात नंबरची जागा

ईस्टरच्या पहाटे चर्चमध्ये सगळी मंडळी पुनरुत्थानाचं गाणं म्हणत होती आणि मी बाहेर घाटविसावे साहेबांच्या गाडीच्या मागच्या चाकापाशी गुडघे टेकून हवा सोडत होतो. हवा सुटताना बराच आवाज होतो. पण आमच्या मंडळीचं गाणं त्याहून मोठं असतं, आणि सूर साधारण तोच असतो.

एका चाकाला स्टेपनी असते हे मला माहीत होतं, म्हणून दोन चाकांची सोडली. माझे वडील एस.टी.च्या डेपोत टायर खात्याला होते. व्हॉल्व्हची पिन काढणं मला बाराखडीबरोबरच आलेलं. दोन्ही पिना मुठीत घेतल्या, पँट झटकली आणि आत जाऊन शेवटच्या बाकावर बसलो. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो, पुण्याच्या होस्टेलवरून थेट स्टँड आणि स्टँडवरून थेट चर्च असा आलो होतो. घरी गेलोच नव्हतो. घरी गेलो असतो तर पुढचं काही झालं नसतं.

ती गाडी सात नंबरवर उभी होती. म्हणजे पार्किंगमधल्या सातव्या जागेवर. आणि त्या जागेखाली माझा धाकटा भाऊ होता.

योना चार वर्षांचा असताना मेंदूज्वरानं गेला. मी नऊचा होतो. संदेष्टा योना तीन दिवसांनी माशाच्या पोटातून बाहेर आला, तेव्हा आमचाही गुरुवारपर्यंत येईल अशी मला खात्री होती. शुक्रवारी मी आईला विचारलं. तिनं मला जेवायला वाढलं.

चर्चच्या मागंच आमचं जुनं कबरस्थान होतं. ऐपतवाल्यांच्या कबरी फरशीच्या. आमची म्हणजे मातीचा उंचवटा आणि वर लाकडी क्रूस, दर ईस्टरला चुना मारायचा. मग बर्नबा घाटविसावे पंच कमिटीचे सेक्रेटरी झाले आणि कमिटीनं ठराव केला: ज्या कच्च्या कबरींच्या वारसांनी महिन्याच्या आत नाव नोंदवलं नाही, त्या सपाट करण्यात येतील. सूचना चर्चच्या मोठ्या दारावर लावली होती, दाराच्या आतल्या बाजूला. आमचं दार आत उघडतं आणि उपासनेच्या वेळी भिंतीला टेकून असतं. त्यामुळे ती सूचना महिनाभर फक्त भिंतीनं वाचली.

बावीस कबरी गेल्या. तिथं ‘होसान्ना मंगल कार्यालय’ उभं राहिलं आणि त्याचं पार्किंग झालं. कार्यालय चालवायला घाटविसाव्यांच्या जावयाला मिळालं.

पप्पांनी वर अर्ज केला. उत्तर आलं, दफनाच्या नोंदवहीची नक्कल जोडा. नोंदवही सेक्रेटरींच्या ताब्यात. सेक्रेटरींनी लेखी कळवलं की वहीला वाळवी लागली आहे. वाळवीनं नेमकी तेवढ्या बावीस जणांची पानं खाल्ली होती. बाकीच्यांमध्ये तिला रस नसावा.

पप्पा म्हणाले, “देव बघतोय.”

मीही बघत होतो. सेक्रेटरींचे अध्यक्ष झाले. नवी पांढरी गाडी आली. मुलीला जुळे झाले. साखर आटोक्यात आली. त्यांनी चर्चला आठ पंखे दिले आणि प्रत्येक पात्यावर स्वतःचं नाव घातलं. उन्हाळ्यात पंखे फिरतात तेव्हा ते दिसत नाही, हिवाळ्यात बंद असतात तेव्हा चोवीस वेळा दिसतं. देवाला संधी मिळत नव्हती असं नाही. घाटविसावे साहेब दर रविवारी अर्धा तास बरोबर मधल्या पंख्याखाली बसायचे.

योना नेमका कुठं आहे हे पप्पांनी पावलांनी मोजून काढलं होतं. चर्चच्या मागच्या खिडकीपासून अकरा, विहिरीच्या कठड्यापासून चार. तिथं पिवळ्या रंगात सात आकडा आला. ती जागा सावलीतली, दाराजवळची, म्हणून अध्यक्षांसाठी राखीव.

“अहो,” आकडा रंगवला त्या दिवशी आई म्हणाली होती, “शेवटच्या दिवशी सगळे उठतील तेव्हा हा कसा उठायचा? वर गाडी असली तर?”

“ज्यानं प्रभूच्या कबरीवरचा धोंडा लोटला त्याला गाडी काय जड आहे?” पप्पा म्हणाले.

“धोंड्याला हँडब्रेक नव्हता,” आई म्हणाली.

तर मी हे सगळं मनात ठेवून शेवटच्या बाकावर बसलो होतो, मुठीत दोन पिना. तेवढ्यात दानाची पिशवी फिरत आली. लांब दांड्याची मखमली पिशवी माझ्या नाकासमोर थांबली. तीन बाकं पुढून पप्पांनी वळून पाहिलं, मला बघून त्यांचा चेहरा उजळला. आता वडील असे बघत असताना पिशवीवरून रिकामा हात कसा फिरवायचा? मी मूठ आत घातली आणि उघडली.

उपासना सुटली. बाहेर उजाडलं होतं. सगळे एकमेकांना सांगत होते, “प्रभू उठला आहे,” आणि सगळे एकमेकांना उत्तर देत होते, “खरोखर उठला आहे.” आईनं माझ्या गालावरून हात फिरवला. “वाळलास,” म्हणाली. तिच्या एका हातात पाण्याची कळशी होती, दुसऱ्या हातात मोगऱ्याची पिशवी.

“ही कळशी कशाला?” मी विचारलं.

ती भरभर पार्किंगकडं चालायला लागली. पप्पा पुढं होतेच. घाटविसाव्यांचा ड्रायव्हर गुलाब गाडीला टेकून उभा होता. त्यानं इकडंतिकडं बघून आवाज खाली घेतला.

“मामा, प्रभू उठला आहे.”

“खरोखर उठला आहे, गुलाब. साहेब?”

“आत. चहा-नाष्टा, दान मोजणं, तास जाईल. मी गाडी नदीपर्यंत फिरवून आणतो. पण साडेआठला आचाऱ्यांचा टेंपो येतोय हां, आज मोठी पार्टी आहे. तो आला की भांडी उतरवायला हीच जागा धरणार.”

“पाऊण तास पुष्कळ झाला.”

मी आईकडं बघितलं. ती हळूच म्हणाली, “पोरगा चांगला आहे रे. ईस्टरला आणि योनाच्या वाढदिवसाला गाडी काढतो. साहेबांना न सांगता. मग आम्ही जागा धुतो, फुलं ठेवतो, बसतो थोडं. मग फुलं उचलतो आणि जातो. तुला फोनवर सांगितलं नाही, कुणी ऐकलं तर त्याची नोकरी जायची.”

गुलाब गाडीत बसला. गाडी सुरू झाली, अर्धी वीत पुढं सरकली, फतक मारून बसली. तो खाली उतरला. मागं गेला.

“आईच्यान,” तो म्हणाला, “दोन्ही.”

मी त्या वेळी काय केलं हे लोक मला विचारतात. मी पण वाकून चाकं बघितली आणि “अरेरे” म्हणालो.

बघता बघता दहा-बारा जण जमले. कुणीतरी आत जाऊन सांगितलं असावं, कारण घाटविसावे साहेब हातात उकडलेलं अंडं घेऊन बाहेर आले. पांढरा सफारी, सोनेरी काड्यांचा चष्मा. त्यांनी चाकांना प्रदक्षिणा घातली.

“पिना काढल्यात,” ते म्हणाले. “ईस्टरच्या दिवशी. देवाच्या अंगणात.”

“पोलिसांत द्या साहेब,” एकजण म्हणाला.

“नाही नाही.” त्यांनी अंडं वर आकाशाकडं केलं. “मी कुणावर संशय घेणार नाही. ज्यानं केलं त्याला देव बघतोय. त्याचा न्याय देव करील.”

“आमेन,” सगळे म्हणाले.

मीपण आमेन म्हणालो. सवय असते. म्हटल्यावर कळलं की हे आमच्या घरचं वाक्य आहे. दोन वर्षं आम्ही ते रोज वर पाठवत होतो, आणि ते माझा पत्ता घालून परत आलं होतं.

“गुलाब, गाडी राहू दे इथंच,” साहेब म्हणाले. “आज कुठला पंक्चरवाला मिळणार? उद्या परवा बघू. मी जावयाच्या गाडीनं जाईन.” आणि अंड्याचा घास घेऊन आत गेले.

उद्या परवा. गर्दी पांगली. आई कळशी घेऊन तशीच उभी होती. कळशी खाली ठेवावी हेही तिच्या लक्षात येत नव्हतं. पप्पांची नजर चाकांवरून निघाली आणि फिरत फिरत माझ्या गुडघ्यांवर येऊन थांबली. माझ्या गुडघ्यांवर अजून माती होती.

“पिना कुठंयत?” त्यांनी विचारलं.

“पप्पा, मला माहीत नव्हतं की गाडी—”

“पिना कुठंयत, टिमू?”

“दानाच्या पिशवीत.”

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं प्रार्थना करताहेत. पण ते गणित करत होते. “गुलाब, माझ्या स्कूटरच्या डिकीत पायपंप आहे, आण. दोन टायर, जुना पंप, वीस मिनिटं तरी लागतील. आत्ता पावणेआठ.” मग डोळे उघडले. “पिना घेऊन ये.”

“आत साहेब आहेत.”

“मग?”

“मागितल्या तर त्यांना कळेल.”

“कळेल,” पप्पा म्हणाले.

तेव्हा आई बोलली. “जा रे. तो खाली आहे.”

आमच्या चर्चच्या कचेरीत एक लांब टेबल आहे. त्याच्या एका टोकाला अंडी आणि पाव, दुसऱ्या टोकाला दान, मध्ये पंच बसले होते. पगारे पाळकांच्या तळहातावर माझ्या दोन पिना होत्या आणि ते त्यांच्याकडं ओल्या डोळ्यांनी बघत होते.

“या कुणी टाकल्या असतील?” ते पंचांना म्हणत होते. “कुणीतरी अगदी गरीब. देण्यासारखं काहीच नसलेला. शास्त्रातल्या त्या गरीब विधवेनं दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे जेमतेम दमडी टाकली, तसं त्यानं हातात होतं ते टाकलं. पुढच्या रविवारी मी यावरच बोलणार.”

“पाळकसाहेब,” मी दारातून म्हणालो, “त्या माझ्या आहेत.”

“तुझ्या? बाळा, पण हे आहे तरी काय?”

घाटविसावे साहेबांनी चष्मा वर केला, तळहाताकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्यांना लगेच कळलं. पंचांपैकी एकानं अंडं सोलणं थांबवलं.

“ओहोळांचा ना तू?” ते म्हणाले.

“हो.”

“का केलंस?”

आता मला सगळं बोलता आलं असतं. दार, भिंत, वाळवी, बावीस जण. पुण्याहून येताना एस.टी.त मी ते पूर्ण भाषण तयार केलं होतं, मधे दोन विनोदही होते. पण भिंतीवर घड्याळ होतं आणि त्यात आठ वाजायला आठ मिनिटं कमी होती.

“चुकलं,” मी म्हणालो. “पिना द्या, पप्पा हवा भरून देताहेत.”

मला वाटलं ते मारतील. मारलं असतं तर एका मिनिटात मोकळा झालो असतो. पण साहेब उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“मी तुला क्षमा करतो,” ते म्हणाले. “आपण प्रार्थना करू या.”

सगळे उभे राहिले. पगारे पाळकांना हुंदका आला.

साहेबांची प्रार्थना मोठी होती. सुरुवातीला माझ्यासाठी झाली. मग आजच्या तरुण पिढीसाठी. मग व्यसनांसाठी, मोबाइलसाठी. माझ्या आईवडिलांसाठी, ज्यांच्याकडून संस्कारात काही कमी राहिलं असेल तर ते भरून निघावं म्हणून. मग मंडळीच्या विकासासाठी, मंगल कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यासाठी आणि देशाच्या सीमांवर उभ्या असलेल्या जवानांसाठी. माझं डोकं त्यांच्या हाताखाली होतं. हात जड होता, अंगठी टाळूला टोचत होती. मी एक डोळा उघडला. आठ वाजून चार मिनिटं. क्षमा चालू असताना मधेच निघता येत नाही, तशी पद्धत नाही. हात झटकून पिना ओढाव्यात असं तीनदा मनात आलं. पण पाळकांनी त्या मुठीत धरून मूठ छातीशी लावली होती.

“...आणि हे प्रभो, तू न्यायी आहेस, तरी मी जसं याला सोडलं तसं तूही सोड.”

“आमेन,” मी म्हणालो. पण ते श्वास घ्यायला थांबले होते.

आठ बाराला मी पिना घेऊन पळालो.

पप्पांनी शर्ट काढून ठेवला होता. ईस्टरचा नवा शर्ट कठड्यावर घडी घालून होता आणि ते बनियनवर पंप मारत होते. मी पिन बसवली की गुलाब नळी लावायचा आणि पप्पा पाय हाणायचे. मी म्हणालो, मी मारतो. ते म्हणाले, “तुला ठेका जमत नाही.” शंभर, दीडशे, दोनशे. त्यांच्या कपाळावरचा घाम पेव्हिंग ब्लॉकवर पडत होता, म्हणजे तसा योनावरच. एक टायर उठला. आठ चोवीस. दुसऱ्याला सुरुवात. कुणीतरी जाताना म्हणालं, “बघा, शत्रूवर प्रीती करावी ती अशी. ओहोळांकडून शिकावं.” पप्पांनी मान वर केली नाही.

साडेआठला बरोबर टेंपो आला. मागं पातेली, झारे, खुर्च्यांची चळत. ड्रायव्हरनं गाडी आमच्या नाकाला लावली आणि हॉर्न दिला.

“पूर्ण भरायची गरज नाही,” पप्पा गुलाबला म्हणाले. “हळू हळू गावातल्या पंपापर्यंत जाईल. काढ.”

गुलाब आत बसला, तेवढ्यात घाटविसावे साहेब बाहेर आले. गाडी उभी राहिलेली बघून त्यांना फार बरं वाटलं. “वा! मग मला घरीच सोड,” म्हणाले आणि मागं बसले. गाडी सरकली आणि सात नंबर रिकामा झाला. दोन वर्षांत मी ती जागा रिकामी पहिल्यांदा पाहत होतो. ब्लॉकवर ऑइलचा एक काळा डाग होता, साधारण तळहाताएवढा.

आई गुडघ्यांवर बसली आणि कळशी ओतून हातानं घासायला लागली. टेंपोवाल्यानं पुन्हा हॉर्न दिला. साहेबांची गाडी दोन हात पुढं जाऊन थांबली, काच खाली आली.

“अहो बाई, राहू द्या,” ते म्हणाले. “धुवायची काय गरज? एवढंही मनाला लावून घेऊ नका.” त्यांना वाटलं, आई त्यांची जागा स्वच्छ करतेय. “ओहोळ, तुम्हीपण मनात काही ठेवू नका बरं का. मी सगळं माफ केलंय.”

पप्पा पंपाची नळी गुंडाळत होते. ती नीट गुंडाळून झाली. मग ते गाडीच्या काचेपाशी गेले. त्यांचा बनियन घामानं अंगाला चिकटला होता.

“मी नाही केलं, साहेब,” ते म्हणाले.

“काय?”

“तुम्ही केलंत, चांगलं झालं. माझ्या पोराची चूक होती, त्यानं कबूल केली. माझं प्रकरण वर दाखल आहे. मी मागं घेतलेलं नाही.” ते रागानं बोलत नव्हते. डेपोत एखाद्याला गाडीची वेळ सांगावी तसं सांगत होते. “तारीख लागली की आपल्या दोघांनाही बोलावतील. या तुम्ही.”

गुलाब समोर रस्त्याकडं बघत होता. साहेबांनी काच वर घेतली.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. कार्यालयाचा दुसरा मजला झाला. घाटविसावे साहेब ठणठणीत आहेत, सकाळी पाच किलोमीटर चालतात. पप्पा तीन वर्षांपूर्वी गेले. जाण्याआधी हॉस्पिटलात मी त्यांना म्हणालो, “पप्पा, तारीख काही लागली नाही.” ते म्हणाले, “मीच जातोय तर विचारतो.” त्यानंतर त्यांच्याकडून काही कळलेलं नाही. मी सध्या आईबरोबर दर ईस्टरला जातो आणि नवीन ड्रायव्हरशी बोलणी करतो.

पण त्या दिवशी आईनं मोगरा मांडला. सात आकड्याच्या बाजूनं, लहान मुलाच्या उंचीएवढा. पप्पांनी शर्ट चढवला, सगळी बटणं लावली आणि तिच्या शेजारी मांडी घातली. त्यांनी तळहात ब्लॉकवर पालथा ठेवला. त्यांचे ओठ हलत होते आणि मला नीट ऐकू येत नव्हतं. एवढंच कळलं की ते दोनदा “बघतोयस ना?” म्हणाले, आणि दुसऱ्यांदा म्हणताना त्यांचा आवाज फुटला. माझ्या वडिलांचा आवाज फुटतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

टेंपोनं तिसरा हॉर्न दिला.

“टिमू,” आई मागं न बघता म्हणाली, “त्याला थांबव जरा.”

मी जाऊन टेंपोच्या समोर उभा राहिलो. दोन्ही हात पसरले. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं, माझ्या खांद्यावरून मागं पाहिलं. रिकाम्या पार्किंगमध्ये दोन म्हातारी माणसं जमिनीवर बसलेली, पुढं फुलं. त्यानं हॉर्नवरचा हात काढला.

“किती वेळ?” त्यानं विचारलं.

“माहीत नाही,” मी म्हणालो.

त्यानं इंजिन बंद केलं.